क्रूझला नक्की कधी जावं?

ट्रॅव्हलच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. पावसाळ्यात ऑफिसच्या कोपऱ्यात छत्र्या जमतात ना, तसे ते जमतात. कोण कधी ठेवून गेलं, ते लक्षातही राहत नाही.

त्यात आमचं ऑफिस बोरिवली पश्चिमेला, मंडईच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर. बरोब्बर वर डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना. डॉक्टर डोळ्यांत थेंब घालतात आणि सांगतात, "अर्धा तास बसा." वर बाकडी दोनच, म्हणून निम्मे पेशंट खाली येऊन आमच्या पंख्याखाली बसतात. थेंबांमुळे धड काही दिसत नाही, वेळ तर घालवायचा असतो. मग सुरू होतं.

"ताई, ह्या भिंतीवरच्या फोटोत काय आहे हो?"

"जहाज आहे."

"मोठंय का?"

"बारा मजली."

"अरे वा! मग जायला बेस्ट टाइम कुठला?"

शपथेवर सांगते, पुढचा प्रश्न हाच असतो. कुठे जातं, किती दिवस लागतात, हे सगळं नंतर. आधी बेस्ट टाइम! आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचं उत्तर आधीच ठरलेलं असतं. आम्ही ते ओळखायचं, इतकंच आमचं काम.

आम्ही म्हणजे तिघं. मालक सावंत सर, मूळचे मालवणकडचे, राहायला भांडुपला. दहिसरचा नितीन, बुकिंग आणि कॉम्प्युटर सांभाळणारा. आणि मी, मीनल, जी बाकी सगळं करते.

•

एकदा नितीनला वाटलं, आपण ह्या प्रश्नाचा कायमचा निकाल लावू. दोन आठवडे बसून त्याने एक चार्ट बनवला. डावीकडे बेटं, वर बारा महिने, आणि चौकटी रंगवलेल्या. हिरवा म्हणजे बिनधास्त जा. पिवळा म्हणजे नशीब बघा. लाल म्हणजे घरी भजी तळा. अंदमान, लक्षद्वीप, मालदीव, सगळ्यांचे जून-जुलै लालभडक.

चार्ट लावला त्याच दिवशी एक गृहस्थ आले. गोखले म्हणून, मुलुंडहून खास आलेले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, चार्ट इकडून तिकडे दोनदा वाचला.

"काम सुंदर आहे," ते म्हणाले. "पण ह्यात अधिक महिना कुठे आहे?"

गोखल्यांचं म्हणणं, लेक-जावयाला अधिकाचं वाण द्यायचंय, आणि ह्या वेळी अनारशांबरोबर क्रूझ द्यायची. अधिक महिना येत होता नेमका पावसाच्या तोंडावर, म्हणजे आमच्या लाल रंगात.

"काका, तिकीट अधिकात द्या, जहाज डिसेंबरात पकडू दे," मी म्हटलं.

"म्हणजे ताटात कागद ठेवायचा?"

"अनारशांच्या खाली."

ते त्यांना पटलं. जावई डिसेंबरात जाऊन आला. फक्त त्या तिकिटावर तुपाचा एवढा मोठा डाग पडला होता, की बोर्डिंगच्या काउंटरवरच्या मुलीने तो धरून वास घेतला म्हणे! नितीनच्या चार्टमध्ये त्या दिवसापासून तेरा रकाने आहेत.

•

आता सावंत सरांविषयी. इतकी वर्षं जहाजाच्या सहली विकणारा हा माणूस तेव्हापर्यंत स्वतः एकदाही जहाजात बसलेला नव्हता. मालवणचा असून! त्यांना बोट लागते. नुसतं जहाज नव्हे, पाळणाही लागतो. टेबलाच्या खणात कायम लिंबू.

पण फोनवर ऐकावं त्यांना! "समुद्र? अहो, जानेवारीत एकदम तेलासारखा. डेकवर कॅरम मांडा तुम्ही, सोंगटी हलायची नाही."

एकदा अंधेरीच्या एका बाईंनी समोर बसून सरळ विचारलं, "तुम्ही स्वतः कुठल्या महिन्यात गेला होतात?"

मी आणि नितीन, दोघांनी कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं.

सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, सीझन मी कस्टमरसाठी सोडतो. आपण नेहमी ऑफ-सीझनला!"

बाईंना ते इतकं भावलं की त्यांनी दोन मैत्रिणी पाठवल्या.

•

आणि मग हिराबाय आली. होळी होऊन गेली होती.

हिराबाय गोराईची कोळीण. तरीतून, म्हणजे फेरीबोटीतून, खाडी ओलांडून रोज बोरिवलीच्या मंडईत मासळी विकायला येते. सावंत सरांचे बोंबील तिच्याकडचे. पण त्या दिवशी पाटी नव्हती. केसांत अबोलीचा गजरा, आणि हाताला धरून नवरा आणलेला. उंच, काळासावळा, पायजम्यात अवघडलेला म्हातारा. पांडू नाखवा. पन्नास वर्षं स्वतःची होडी चालवलेला माणूस. वरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले होते म्हणून तो आमच्या बाकड्यावर हात गुडघ्यांवर ठेवून बसला.

हिराबाय चार्टसमोर उभी राहिली. वाचता येत नाही तिला, पण रंग दिसतात.

"बाय, हा लाल कनचा?"

"जून-जुलै, मावशी."

"बरोबर हाय. कोनी बनवला? दर्याची अक्कल हाय त्याला."

नितीन इतका खूश झाला की त्याने तिच्यासाठी स्वतःच्या पैशाने चहा मागवला. तो पिता पिता तिने मला बाजूला ओढलं आणि हळू आवाजात सांगितलं. नाखव्याच्या डोळ्यांत काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेलीही हळूहळू जाणार. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत किती उरेल ते सांगता येत नाही. होडी ह्याच वर्षी विकली.

"पन्नास वर्सं हा गेला नि मी धक्क्यावर उभी. आमच्यात बायका जात नाय होरीवर. मी तरीत बसलेली तेवढीच, खारीच्या ह्या काठावरनं त्या काठावर. मना एकदा बगायचाय, जमीन दिसंनाशी झाली का हा काय बगतो तो. त्याला दिसतंय तवर त्याने मना दाखवायचा." तिने भिंतीवरच्या जहाजाकडे बोट केलं. "ह्याच्यात कवा जायचा? लवकरातला सांग."

एवढी वर्षं हा प्रश्न ऐकतेय मी. त्या दिवशी पहिल्यांदा मला उत्तर पटकन देता आलं नाही. कारण अंदमान-लक्षद्वीपच्या जहाजांत त्या सीझनला जागा उरली नव्हती, देशाबाहेर जायचं तर पासपोर्ट नव्हते, आणि ते हातात पडेपर्यंत मे संपणार होता. म्हणजे सगळ्या चौकटी लाल. पुढचा हिरवा नोव्हेंबरात!

•

त्याच सुमारास भांडुपचे परब आले. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "मला वर्स्ट टाइम सांगा."

"काय?"

"चार्टमध्ये सगळ्यात लाल काय आहे ते द्या. माझे साडू, राणे, दरवेळी आमच्या मागे लागून येतात. महाबळेश्वरला आले, गोव्याला आले. ह्या वेळी आम्हाला दोघांनाच जायचंय. एवढ्या पावसात काय ते येणार नाहीत!"

दिलं बुकिंग. चार दिवसांनी एक गोरे, टकले गृहस्थ आले. इकडे तिकडे बघून दार लोटून घेतलं.

"तुमच्याकडे वर्स्ट टाइम कुठला मिळेल?" ते म्हणाले. "मी राणे. माझे एक साडू आहेत..."

आता आमच्या धंद्यात एका कस्टमरचं दुसऱ्याला सांगायचं नसतं. सरांचा तो नियमच आहे. आम्ही तोंड दाबून बुकिंग केलं. केबिन्स शेजारी शेजारी आल्या, पण ते कॉम्प्युटरने केलं, आम्ही नाही!

दोन्ही जोडपी डेकवर रेनकोट घालून समोरासमोर आली, त्याचा फोटो परबांनीच नंतर आणून दिला. पुढच्या वर्षी चौघांनी मिळून बुकिंग केलं. लाल महिन्यातच. "गर्दी नसते हो," राणे म्हणाले.

•

हिराबायचा प्रश्न नितीनने मनावर घेतला होता. रोज चार्टसमोर उभा राहून तो मोठ्याने वाचायचा. "जून लाल, जुलै लाल, ऑगस्ट लाल. वाट लागली यार!"

एक दिवस बाकड्यावरून आवाज आला. "तुमच्या चार्टला दक्षिण गोलार्ध आहे का?"

काळा चष्मा लावून, डोळ्यांत थेंब घातलेल्या एक आजी. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या.

"मला तुमचा चार्ट दिसत नाहीये, पण मघापासून तुम्ही तो वाचताय," त्या म्हणाल्या. "आपल्याकडे पाऊस असतो तेव्हा विषुववृत्ताच्या खाली, बालीच्या बाजूला, कोरडा मोसम असतो. सातवीच्या पुस्तकात आहे."

"मॅडम, सातवीत मला भूगोलात अठ्ठावीस होते."

"ते कळतंय," बाई म्हणाल्या.

नितीनने खुर्चीवर चढून चार्टच्या खाली एक नवा कागद चिकटवला. बाली आणि आजूबाजूची बेटं. जून हिरवा, जुलै हिरवा, ऑगस्ट हिरवा! विमानाने जायचं, तिथून जहाजात बसायचं, सहा दिवस बेटं फिरायची. मी मंडईत धावत गेले आणि हिराबायला पाटीवरून उठवून सांगितलं. तिने हातातला सुरा खाली ठेवला, ओल्या हातांनी माझे गाल धरले. दिवसभर माझ्या तोंडाला पापलेटचा वास येत होता.

•

पण नाखवा नाही म्हणाला.

समजूत घालायला सर आणि मी गोराईला गेलो. खाडी ओलांडायला दहा मिनिटं. सरांनी त्या दहा मिनिटांत लिंबाची साल संपवली. तरीवरच्या बायका त्यांच्याकडे बघून आपापल्या टोपल्या पलीकडे सरकवत होत्या.

मासेमारी बंदीचे दिवस. गोराईत सगळ्या होड्या वर ओढलेल्या, निळ्या प्लास्टिकखाली झाकलेल्या. नाखवा ओट्यावर कुणाचं तरी जाळं विणत बसला होता. डोळे भलतीकडेच, पण बोटं बरोबर चालत होती.

"दर्या बंद हाय," तो म्हणाला. "नारली पुनवेला नारल वाहिल्याबिगर मी पाण्यात पाय घालनार नाय. पन्नास वर्सं नाय घातला, आता घालू?"

"अहो नाखवा," सर म्हणाले, "तो आपला समुद्र नाही. तिथे खाली तो वेगळा आहे."

"वेगला? मधी भिंत हाय काय?"

सातवीच्या पुस्तकात ह्याचं उत्तर नव्हतं.

हिराबाय आतून तडकून बाहेर आली. "पुनव अडीच महिन्यांवर हाय! तुजे डोले थांबतील तवर?"

"थांबतील," नाखवा म्हणाला, जसे काही ते त्याचे खलाशी होते.

झालं. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचं विमान बुक केलं. अडीच महिने हिराबाय त्याच्यावर धुमसत होती. जूनमध्ये नाखवा बाकड्यावर बसून मला ओळखायचा. जुलैच्या शेवटी मी बोलेपर्यंत ओळखेना. हिराबायच्या ते लक्षात आलं, माझ्याही आलं. मला राग यायचा, खरं सांगते. एका नारळासाठी!

•

मध्ये एक छोटासाच. घाटकोपरच्या एका मॅडमचा जहाजावरून फोन आला. नितीनने उचलला.

"तुमच्या चार्टमध्ये हिरवं आहे, आणि इथे धो धो पाऊस पडतोय!"

"मॅडम, पाऊस कुठल्या बाजूला पडतोय?"

"म्हणजे काय? डाव्या बाजूला!"

"मग तुम्ही उजव्या बाजूला जाऊन बघा ना."

आम्ही दोघं डोक्याला हात लावून बसलो. आता तक्रार येणार, सर भडकणार. दहा मिनिटांनी परत फोन.

"आहे हो ऊन! थँक यू हं," मॅडम म्हणाल्या.

नितीन तेव्हापासून प्रत्येक कस्टमरला सांगतो, की जहाजात आधी बाजू बघायची, मग महिना. उगाच ऐटीत सांगतो. त्याला कुठे माहीत होतं!

•

आता शेवटचा. हा सरांनी सांगितलेला. सर एरवी किस्सा सांगताना भरपूर मीठमसाला लावतात, पण ह्याला लावायला जागाच नव्हती.

झालं असं, की बालीच्या त्या ग्रुपबरोबर जाणाऱ्या टूर मॅनेजरने आयत्या वेळी जिन्यावरून पडून पाय मोडून घेतला. वीस जणांचा ग्रुप. पासपोर्ट हातात असलेला माणूस ऑफिसात एकच, सर! निघताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. सोबत दोन डझन लिंबं.

नाखव्याने आदल्या दिवशी गोराईला नारळ वाहिला, नारळी भात खाल्ला आणि गुपचूप विमानात बसला. जहाजात चढताना त्याने वाकून कठड्याला हात लावला आणि कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी जमीन दिसेनाशी झाली. डेकवर आरामखुर्च्यांची रांग, सगळ्या समुद्राकडे तोंड केलेल्या. लोक फोटो काढतायत, उड्या मारणारे डॉल्फिन बघतायत. आणि नाखव्याने आपली खुर्ची फिरवून भिंतीकडे केलेली! समोर काय, तर एक पांढरी भिंत आणि टॉवेल ठेवायच्या कपाटाचं दार.

जहाजावरच्या वेटरने येऊन प्रेमाने खुर्ची समुद्राकडे वळवून दिली. तो गेल्यावर नाखव्याने पुन्हा भिंतीकडे वळवली. दुपारी बघावं, तर खुर्ची स्विमिंग पूलकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी भलतीच तिरपी, जिन्याच्या कोपऱ्याकडे. सर म्हणाले, मला आधीच जग फिरत होतं, त्यात ही खुर्ची फिरताना दिसायची.

त्याच सकाळी हिराबाय सरांजवळ आली आणि रडायलाच लागली.

"सायब, उशीर झाला. त्याला दर्या कुठल्या अंगाला हाय तोपन दिसत नाय. आता काय दाखवनार तो मना? त्या नारलाने माजा घात केला."

सर तिला घेऊन नाखव्याजवळ गेले. तेव्हा खुर्ची पुन्हा टॉवेलच्या कपाटाकडे होती.

हिराबायने डोळे पुसले. "आरं, दर्या तिकरं हाय. तू भिंतीकरं बगतोस."

"मना माहीत हाय," नाखवा म्हणाला.

"माहीत हाय तर मग?"

"तू इचारलेलं ना, जमीन दिसंनाशी झाली का मी काय बगतो? जाल टाकून झाला का बसून इकरंच बगायचो."

"इकरं काय हाय?"

"गोराई."

हिराबायने सरांकडे बघितलं. सरांनी शेजारून जाणाऱ्या जहाजाच्या एका ऑफिसरला थांबवलं आणि आपल्या इंग्लिशमध्ये विचारलं, इंडिया कुठे, मुंबई कुठे? त्याने खिशातून यंत्र काढलं, काहीतरी बघितलं, स्वतःभोवती अर्धा वळला आणि हात लांब केला. हात नाखव्याच्या डोक्यावरून सरळ टॉवेलच्या कपाटाकडे गेला.

"मग? हिराबाय काय म्हणाली?" मी आणि नितीनने एकदम विचारलं.

"काय म्हणनार! आधी शिव्या घातल्यान," सर म्हणाले. "'पन्नास वर्सं माज्या घराकरंच बगत होतास, तर घरी आल्यावर माज्याकरं कवा बगितला नाय तो!' मग शेजारची खुर्ची ओढली, भिंतीकडे तोंड केलं आणि बसली त्याच्या बाजूला."

"किती वेळ?"

"जेवणाची घंटा होईपर्यंत. मध्ये एकदा जहाज वळलं. दोघं उठली, खुर्च्या सरकवल्या आणि परत बसली."